खांद्याला झेपेल तेवढंच काडतूस

नॉर्वेत मूस किंवा रेनडिअरच्या शिकारीला जायचं तर आधी नेमबाजीची परीक्षा द्यावी लागते, आणि ती एकदा देऊन सुटका होत नाही. दरवर्षी द्यावी लागते. 100 मीटरवर रेनडिअरची आकृती, तिच्यावर 30 सेंटीमीटर व्यासाचं वर्तुळ आणि पाच गोळ्या. पाचही आत बसल्या तर पास. चार आत आणि एक बाहेर, की नापास.

30 सेंटीमीटर म्हणजे जेवणाचं ताट, त्यात काय अवघड, असं वाटेल. पण जरा हिशेब करू. रायफलची लांबी दस्त्यापासून नळीच्या टोकापर्यंत साधारण 1.1 मीटर. दस्ता खांद्यात पक्का रुतलाय असं धरलं, तर नळीचं टोक जेमतेम 1.6 मिलिमीटर इकडेतिकडे झालं की गोळी ताटाबाहेर. रुपयाच्या नाण्याच्या जाडीएवढी ही सवलत. तेवढ्यात श्वास, हृदयाचे ठोके आणि गारठलेली बोटं, सगळं बसवायचं.

आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकार हा विषय संपला, आणि तो संपला ते बरंच झालं असं माझं मत आहे. उत्तर युरोपात गोष्ट वेगळी. तिथे मूस हे घोड्याहून उंच, नर चार-पाचशे किलोपर्यंत भरणारं हरीण कोवळ्या पाइनचे शेंडे खातं, गाड्यांसमोर येतं, आणि त्याची संख्या शिकारीनेच आटोक्यात ठेवली जाते. मांस घरोघरच्या फ्रीजरमध्ये वर्षभर पुरतं. त्यामुळे प्राणी कमीत कमी यातनांत मरावा यासाठी कोणतं काडतूस लागतं, हा तिथे कायद्याचा आणि भौतिकशास्त्राचा प्रश्न आहे.

काडतूस म्हणजे पितळी पुंगळी, तिच्या बुडाशी ठिणगी पाडणारी टोपी, आत दारू आणि तोंडाशी घट्ट बसवलेली गोळी. बोलताना आपण या सगळ्यालाच 'गोळी' म्हणतो, पण नळीतून बाहेर जाते ती फक्त पुढची. स्वीडन आणि नॉर्वेचं लाडकं काडतूस 6.5×55. पहिला आकडा गोळीच्या जाडीचा, दुसरा पुंगळीच्या लांबीचा, दोन्ही मिलिमीटरमध्ये. 1890 च्या दशकात दोन्ही देशांच्या सैन्यांसाठी ते बनलं आणि सैन्याने सोडलं तरी शिकाऱ्यांनी सोडलं नाही. अमेरिकी नावांना मात्र असा एकच नियम नाही. .30-06 मधले 30 हे इंचाचे शतांश, आणि 06 म्हणजे चक्क 1906 हे साल.

मूससाठी स्वीडनचा नियम असा: गोळी 9 ते 10 ग्रॅमची असेल तर 100 मीटरवर तिच्यात किमान 2700 जूल ऊर्जा हवी. 10 ग्रॅम किंवा जास्त असेल तर 2000 जूल पुरे. जड गोळीला एवढी सूट का? गतिज ऊर्जेत वेगाचा वर्ग येतो, म्हणून हलकी गोळी जोरात पळवली की जूल भराभर चढतात. पण ऊतींतून आरपार जाण्यात संवेगाचा, म्हणजे वस्तुमान गुणिले वेग याचा, वाटा मोठा. 9 ग्रॅम आणि 2700 जूल म्हणजे सेकंदाला सुमारे 775 मीटर, संवेग साधारण 7. 10 ग्रॅम आणि 2000 जूल म्हणजे 632 मीटर, संवेग 6.3. ऊर्जेत चौथाईहून जास्त सूट दिली, पण संवेग दहा टक्केही घसरला नाही. नियम करणाऱ्यांनी हे गणित असंच मांडलं होतं की नाही, कोण जाणे. आकडे मात्र चोख बोलतात.

आता सिनेमातला एक गैरसमज. गोळी लागली की माणूस मागे उडून पडतो, हे खोटं. 6.5×55 ची 10 ग्रॅमची गोळी 700 मीटरच्या वेगाने 400 किलोच्या मूसला लागली आणि आतच अडकली, तर सगळा संवेग मिळूनही मूस सेकंदाला दोन सेंटीमीटरपेक्षा कमी वेगाने सरकेल.  मूस पडतो तो फुप्फुसं आणि हृदयाजवळच्या रक्तवाहिन्या फाटून मेंदूचा रक्तपुरवठा थांबतो म्हणून, आणि तोवर तो शंभरेक मीटर पळूही शकतो. पोटात लागली तर कितीही जूल असोत, तासन्‌तास हाल.

म्हणून गोळी आत जाऊन पसरणारी हवी. टोकाशी उघडं शिसं असलेली गोळी ऊतींच्या दाबाने अळंबीसारखी फुलते. अशा गोळ्यांचं बदनाम नाव आपल्याच देशातलं: कोलकात्याजवळच्या दमदमच्या शस्त्रागारात 1890 च्या दशकात त्या बनल्या, म्हणून 'दमदम गोळी'. माणसांवर वापरायला अमानुष म्हणून 1899 च्या हेग परिषदेत युद्धात त्यांच्यावर बंदी आली. आणि स्वीडनमध्ये मूसवर पसरणारी गोळीच वापरायची, हा कायदा आहे. शिसं आता वेगळ्या कारणाने अडचणीत आलंय. त्याचे बारीक कण मांसात राहतात आणि उरलेली आतडी खाणारे गरुड विषबाधेने मरतात. डेन्मार्कने 2024 मध्ये रायफलच्या शिकारी गोळ्यांतही शिसं बंद केलं. तांबं हलकं, म्हणून तेवढ्याच वजनाची गोळी लांब होते, आणि लांब गोळीला स्थिर राहायला जास्त वेगाने फिरावं लागतं. 6.5×55 च्या नळीत आटे, म्हणजे गोळीला फिरवणाऱ्या सर्पिल खाचा, दर 20 सेंटीमीटरला एक पूर्ण फेरा घेतात. सेकंदाला 800 मीटर वेगाने निघालेली गोळी सेकंदाला 4000 गिरक्या घेते, त्यामुळे इथे फारशी अडचण येत नाही.

मग सगळ्यांनी सरळ मोठं काडतूसच का घेऊ नये? कारण खांदा. गोळी आणि दारूचा वायू पुढे जातात तेवढाच संवेग रायफल मागे आणते. 4 किलोच्या रायफलमधून 6.5×55 झाडलं तर खांद्यावर साधारण 15 जूल येतात, .300 विंचेस्टर मॅग्नम या मोठ्या काडतुसाचे दुपटीहून जास्त. गंमत अशी की या धक्क्याने नेम चुकत नाही. चाप ओढल्यावर गोळी काही सहस्रांश सेकंदांत नळीबाहेर असते. माणसाची प्रतिक्रिया यायला पावसेकंद लागतो. नेम बिघडतो तो धक्का येण्याआधीच. दहा-वीस तडाखे खाल्लेला मेंदू शिकतो की चाप ओढला की मार बसतो, मग तो आधीच डोळे मिटतो, खांदा आखडतो, मनगट आवळतो. कुत्र्याला घंटेची सवय लागते तसंच हे.

हे पकडायची युक्ती जुनी आणि बेरकी आहे. सोबत्याने नकळत मधेच दारू नसलेलं नकली काडतूस भरायचं. चाप ओढला, आवाज नाही, आणि नळी मात्र झपकन खाली गेली. मॅग्नम हौसेने घेतलेले किती जण या चाचणीत लाल होत असतील! 1907 मध्ये चंपावतची नरभक्षक वाघीण मारल्याबद्दल जिम कॉर्बेटला भेट मिळालेली रायफलही .275 रिग्बी, म्हणजे माउझरचं सौम्य 7×57 काडतूस झाडणारी.

सौम्य काडतुसाचा खरा फायदा सरावात आहे. गोळीवर गुरुत्वाकर्षण दगडाइतकंच चालतं: 100 मीटरच्या प्रवासात ती साधारण 9 सेंटीमीटर पडते, 200 मीटरवर 38. दुर्बीण तेवढी भरपाई करून बसवता येते, शरीर नाही. स्वप्नील कुसळेने पॅरिसमध्ये 2024 साली कांस्य मिळवलं त्या प्रकारात गुडघ्यावर, पडून आणि उभं राहून, असे तीन भाग असतात. टेकू जितके कमी तितकी नळी जास्त डोलते, आणि उभ्याने नेम सर्वांत अवघड. जंगलात मात्र उंच गवत, झुडपं आणि उतार पाहता पडून नेम धरायला क्वचितच मिळतं. म्हणून मैदानावर टेबलाशी बसून एकमेकींजवळ मारलेल्या गोळ्यांच्या सुबक गटाला शिकारीत फार किंमत नाही. काठ्यांचा तिवई टेकू, झाडाचा बुंधा, गुडघा, आणि चढ पळत चढून धापा टाकताना मारलेली गोळी, हा खरा सराव. निम्मा तर घरीच, रिकाम्या रायफलने, नुसता चाप हळू दाबत.

पळता मूस ही आणखी वेगळी विद्या. 80 मीटरवर पोहोचायला गोळीला दशांश सेकंद लागतो. सेकंदाला 5 मीटर धावणारा मूस तेवढ्यात अर्धा मीटर पुढे सरकतो, म्हणजे हृदयावर धरलेला नेम पोटात. स्वीडनमध्ये रुळावरून धावणाऱ्या मूसच्या आकृतीवर यासाठी सराव करतात. 'पळतं हरीण' हा प्रकार एकेकाळी ऑलिंपिकमध्येही होता. स्वीडनचा ऑस्कर स्वान 1908 मध्ये लंडनला साठाव्या वर्षी त्यात सुवर्ण घेऊन गेला आणि 1920 मध्ये अँटवर्पला 72 व्या वर्षी सांघिक रौप्य. खेळांतल्या पदकविजेत्यांत एवढ्या वयाचा आजवर दुसरा नाही.

तरीही गोळ्या चुकतात. स्वीडनचा कायदा ते गृहीत धरूनच लिहिलाय: मूसच्या शिकारीला निघताना असा प्रशिक्षित कुत्रा ठरवून ठेवायचा, जो जखमी जनावराचा माग काढायला दोन तासांच्या आत जागेवर पोहोचेल.