दुरुस्तीनंतरही गाडी तापणे

रेडिएटर (पाणी थंड करणारी जाळी), वॉटर पंप, थर्मोस्टॅट (पाणी ठरावीक तापलं की रेडिएटरकडे जाऊ देणारी झडप) नाहीतर हेड गॅस्केट (इंजिनाचं वरचं हेड आणि खालचा ब्लॉक यांच्यामधलं पॅकिंग) यातलं काहीतरी बदलून झाल्यावरसुद्धा टेम्परेचरचा काटा पुन्हा लालकडे जाणं. गॅरेजमध्ये याला 'गाडी हीट पकडते' म्हणतात, अहिराणीत 'गाडी तपी गई'. ही नोंद पाण्यानं थंड होणाऱ्या कारच्या इंजिनापुरती आहे. पहिल्यांदा तापलेली गाडी आणि दुरुस्तीनंतर परत तापणारी गाडी या दोन वेगळ्या केस धरायला पाहिजेत, कारण दुसऱ्या केसमध्ये मूळ बिघाड, त्या बिघाडानं झालेलं नुकसान आणि दुरुस्ती करताना नव्यानं झालेली चूक असं सगळं एकावर एक बसलेलं असतं, आणि बहुतेक वेळा त्यातलं फक्त नुकसान दुरुस्त करून गाडी मालकाच्या ताब्यात दिलेली असते. हेड गॅस्केट उडणं हे बरेचदा तापण्याचं कारण नसून तापल्याचा परिणाम असतो, हे इथे सुरुवातीलाच सांगून ठेवलेलं बरं.

रेडिएटरचा उगम : मोटारीचा रेडिएटर पहिल्यांदा कोणी केला यावर एकमत नाही. काही ठिकाणी श्रेय कार्ल बेंझला दिलेलं दिसतं, पण १८८६ च्या त्याच्या तीनचाकीत पाणी तापून वाफ होऊन उडून जायचं आणि वरून परत भरावं लागायचं, म्हणजे तेच पाणी फिरवून थंड करायची सोय त्यात नव्हती, त्यामुळे त्याला आजच्या अर्थानं रेडिएटर म्हणणं जरा ओढूनताणून होतं. विल्हेल्म मायबाखनं साधारण १९००-०१ च्या सुमाराला मर्सिडीज ३५ एचपीसाठी केलेली मधाच्या पोळ्यासारखी जाळी, जिच्यात ६ मिलिमीटरच्या चौकोनी अशा ८,०७० नळ्या होत्या, ती आजच्या रेडिएटरची पूर्वज मानणं जास्त पटतं. घराच्या हीटिंगचा रेडिएटर त्याहून जुना, १८५० च्या दशकातला, त्याचा मोटारीशी थेट संबंध लावू नये. फोर्डच्या मॉडेल टीमध्ये (१९०८-२७) सुरुवातीच्या थोड्या गाड्या सोडल्या तर पंपच नव्हता, गरम पाणी वर चढतं आणि थंड खाली येतं एवढ्यावर ते इंजिन चालायचं. मेणाच्या गोळीवर उघडणारा थर्मोस्टॅट सर्जियस वर्नेटचा, १९३० च्या दशकातला.

खान्देशातली परिस्थिती : जळगाव, भुसावळकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जाणं नेहमीचं आहे. रेडिएटरमधलं पाणी ९५ अंश धरलं तर ३० अंशांच्या हवेत फरक ६५ अंशांचा पडतो आणि ४५ च्या हवेत फक्त ५० चा, आणि रेडिएटर किती उष्णता बाहेर टाकणार ते या फरकावर ठरतं, म्हणजे उन्हाळ्यात त्याची ताकद सरळ जवळपास पाव हिश्श्यानं घटते. म्हणून जाळी निम्मी चोंदलेली गाडी जानेवारीत बिनतक्रार चालते आणि एप्रिलमध्ये एसी लावून बिजासन घाट किंवा चाळीसगावचा कन्नड घाट चढताना उकळते. हवा कारणीभूत असं म्हणून सोडून देतात ते मात्र चूक, धडधाकट कूलिंग सिस्टीमनं ४५ अंशात काटा मध्यावरच ठेवायला पाहिजे.

दुसरी गोष्ट पाण्याची. बोअरच्या पाण्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम जास्त, ते तापलं की पातेल्याच्या बुडाला जसा पांढरा थर चढतो तसाच थर ब्लॉकच्या आत आणि रेडिएटरच्या नळ्यांत चढतो. हा चुन्याचा थर ॲल्युमिनियमपेक्षा जवळजवळ शंभर पटीनं कमी उष्णता वाहून नेतो, त्यामुळे अर्ध्या मिलिमीटरचा थरसुद्धा जाणवतो. नवीन रेडिएटर बसवला आणि ब्लॉक फ्लश न करता तसंच बोअरचं पाणी भरलं तर ब्लॉकमधले पापुद्रे सुटून नव्या जाळीत अडकतात आणि महिन्या-दोन महिन्यात गाडी जिथल्या तिथे. बॅटरीत टाकायचं डीएम वॉटर आणि कूलंट अर्धं अर्धं, हे साधं प्रमाण ठेवावं. नुसतं कूलंट भरलं तर जास्त थंड राहील हा समज खरा नाही, कूलंटमधल्या ग्लायकोलची उष्णता धरायची ताकद पाण्याच्या निम्म्यापेक्षा थोडीच जास्त असते. लीक बंद करायला रेडिएटरमध्ये हळद टाकायची पद्धत आहे, त्यानं बारीक लीक बुजतोही, पण तीच हळद हीटरच्या आणि रेडिएटरच्या बारीक नळ्यापण बुजवते.

निदान : आधी गाडी खरंच तापते का ते बघायचं. काटा खोटं दाखवू शकतो, म्हणून इन्फ्रारेड थर्मामीटर थर्मोस्टॅटच्या घरावर मारून नाहीतर स्कॅनर लावून खरा आकडा घ्यायचा. मग मालकाला विचारायचा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न, गाडी तापते कधी? उभ्या गाडीत, सिग्नलला तापत असेल आणि हायवेला लागली की काटा खाली येत असेल तर संशय फॅनवर, फॅनच्या रिलेवर, स्विचवर, काढून फेकलेल्या शेरूडवर (फॅनभोवतीचं कडं). उलट गावात ठीक पण वेगात तापते असं असेल तर फॅनचा दोष नाही, कारण हवा तर मिळतेच आहे, तेव्हा जाळी, वॉटर पंप आणि खालचा होजपाइप बघायचा, तो पाइप आतून मऊ झाला की पंपाच्या ओढीनं रेस दिल्यावर चपटा होतो आणि गाडी बंद केली की परत फुगतो, त्यामुळे उभ्या गाडीत कधी सापडत नाही.

दुरुस्तीनंतर लगेच तापायला लागली तर दुरुस्तीतच शोधावं. सगळ्यात जास्त वेळा सापडतो तो एअर लॉक, पाणी भरताना हवा हेडमध्ये अडकते आणि सेन्सर कोरडा राहतो म्हणून काटा कधी एकदम वर, कधी खाली. गाडीचं नाक वर करून, हीटर फुल करून, ब्लीडचा स्क्रू असेल तर तो सैल करून हवा काढायची. त्यानंतर फॅनची वायर उलटी जोडली गेली का ते बघायचं, रेडिएटरपुढे कागद धरला तर तो जाळीला चिकटायला पाहिजे (फॅन जाळीच्या मागे असेल तर). गॅस्केट उलटं बसवल्यानं पाण्याची भोकं झाकली जातात, हेही घडतं. रेडिएटरचं झाकण तर कोणी बघतच नाही. १ बार जादा दाबाखाली साधं पाणी १२० अंशांना उकळतं, स्प्रिंग मेलेल्या झाकणाखाली १०० लाच, म्हणजे एवढ्याशा पार्टसाठी अख्खं इंजिन उघडलं जाऊ शकतं. याच दाबामुळे गरम गाडीचं झाकण उघडू नये, दाब सुटताच आतलं सगळं पाणी एकदम उसळून तोंडावर येतं. आणि नवीन पार्ट म्हणजे चांगला पार्ट असं धरून चालू नये, नवा थर्मोस्टॅटसुद्धा आधी पातेल्यात उकळून बघावा, त्यावर ८२ किंवा ८८ असा आकडा असतो त्याच्या आसपास तो उघडायला लागतो.

थर्मोस्टॅट काढून टाकण्याचा वाद : आपल्याकडे गरम हवा, थर्मोस्टॅट लागतच नाही, काढून टाका, असं बरेच मिस्त्री सांगतात. दुसरी बाजू म्हणते की तो काढला तर पाणी इतकं जोरात पळतं की रेडिएटरमध्ये गार व्हायला वेळच मिळत नाही. ही दुसरी बाजू निष्कर्षात बरोबर असली तरी तिचं कारण पटत नाही, पाणी जोरात पळालं तर तेच पाणी जास्त वेळा रेडिएटरमधून जातं आणि जाळी सरासरीनं जास्त गरम राहते, म्हणजे उष्णता उलट जास्तच बाहेर पडते. खरं कारण बायपासचं आहे. बऱ्याच इंजिनांत थर्मोस्टॅटला खाली दुसरी चकती असते, मेण फुगलं की ती बायपासचा रस्ता बंद करते. थर्मोस्टॅटच नसेल तर तो रस्ता कायम उघडा राहतो आणि बरंचसं गरम पाणी रेडिएटरला वळसा घालून परत ब्लॉकमध्येच शिरतं. ज्या इंजिनात अशी चकती नाही तिथे काढल्यानं गाडी थंड चालते, म्हणून दोन्ही बाजूंच्या मिस्त्रींचा अनुभव आपापल्या गाडीपुरता खरा असतो. पण थंडीत इंजिन वेळेत गरम होत नाही, इंजेक्शनच्या गाडीत कॉम्प्युटर इंजिन थंडच समजून जास्त पेट्रोल सोडतो, तेव्हा काढून ठेवणं हा इलाज मानता येत नाही.

हेड : थंड इंजिन चालू केल्यावर मिनिट-दोन मिनिटांत वरचा पाइप दगडासारखा कडक झाला, कूलंटच्या टाकीत सतत बुडबुडे आले, सायलेन्सरमधून पांढरा गोडसर वासाचा धूर आला, तर गॅस्केट किंवा हेड. ब्लॉक टेस्टरमधलं निळं लिक्विड पिवळं झालं तर जळलेला गॅस पाण्यात येतोय हे पक्कं. ॲल्युमिनियम तापल्यावर बिडाच्या साधारण दुपटीनं फुगतं, म्हणून बिडाच्या ब्लॉकवरचं ॲल्युमिनियमचं हेड एकदा जोरात तापलं की वाकतं, आणि सरळपट्टी, फिलर गेज लावून वाक न मोजता नुसतं नवं गॅस्केट टाकलं तर काही आठवड्यांत परत तेच. ०.०५ मिलिमीटरच्या पुढे वाक असेल तर बहुतेक इंजिनांत फेसिंग (हेडचा तळ घासून सपाट करणं) लागतं, नेमका आकडा कंपनीच्या मॅन्युअलमधून घ्यावा. बारीक क्रॅक डोळ्यांना दिसत नाही, लेथवर हेड दिलं तर प्रेशर टेस्टही करून घ्यावी. ताणून बसणारे हेड बोल्ट परत वापरू नयेत.

इतर कारणं : चिकटलेला ब्रेक, घसरणारा क्लच, मागे पडलेलं इग्निशनचं टायमिंग (ठिणगी उशिरा पडणं), सायलेन्सरच्या लाइनमधला चोंदलेला कन्व्हर्टर. एसीचा कंडेन्सर (रेडिएटरपुढची एसीची जाळी) आणि रेडिएटर यांच्या मधल्या फटीत काळ्या मातीची धूळ, किडे आणि जिनिंगकडच्या रस्त्यांवर उडणारा कापूस बसतो, पुढून बघितलं तर जाळी स्वच्छच दिसते. दोन्ही वेगळे करून, इंजिनाच्या बाजूनं बाहेर, कमी प्रेशरनं धुवावं.

दुरुस्तीची खात्री करायची तर ट्रायल सकाळच्या गारव्यात घेऊ नये. दुपारी, एसी लावून, माणसं बसवून चढावर न्यावी, मग गाडी रात्रभर थंड होऊ द्यावी आणि सकाळी टाकीतली पाण्याची रेघ आदल्या दिवशीच्या खुणेशी ताडून बघावी.