शालेय सिद्धता

शालेय सिद्धता म्हणजे औपचारिक शाळेच्या पहिल्या वर्गातला दिवस मुलाला झेपणे आणि त्या दिवसातून त्याच्या पदरात काही पडणे. यातला दुसरा भाग अनेकदा विसरला जातो. रडत नाही, जागेवर बसते, म्हणून तयार समजलेले मूल वर्गात नुसते बसूनही असू शकते. सिद्धता एखाद्या वाढदिवसाला येत नाही आणि मुळाक्षरे पाठ असण्यावरूनही ती ठरत नाही. शरीर, भाषा, लक्ष, भावनांवरचा ताबा आणि स्वतःची कामे स्वतः उरकणे या बाजू एकाच मुलात वेगवेगळ्या वेगाने वाढतात. एखादे मूल शंभरपर्यंत अंक म्हणते, पण शौचालयात एकटे जाऊ शकत नाही. दुसऱ्याला एकही अक्षर येत नाही, पण ते सांगितलेली दोन कामे लक्षात ठेवून करते आणि अडले तर मोठ्यांना विचारते. म्हणून ‘मूल तयार आहे का?’ याला हो किंवा नाही असे एकच उत्तर सहसा नसते. ते कुठे अडेल आणि ती अडचण वेळ गेल्याने, मदतीने, उपचाराने की शाळेने थोडे बदलल्याने सुटेल, हे मात्र बऱ्यापैकी नेमके सांगता येते.

संकल्पना कशी बदलली

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकेतील आर्नल्ड गेझेल (१८८०–१९६१) यांनी मुलांच्या वाढीचे टप्पे बारकाईने नोंदवले. वाढ आतूनच, ठरलेल्या क्रमाने होते, म्हणून अपक्व मुलाला थांबू द्यावे, असा विचार त्यातून रुजला. जर्मनीत आर्टुर केर्न यांनी १९५१ मध्ये सुरुवातीच्या इयत्तांत मागे पडणाऱ्या मुलांचा प्रश्न शालेय परिपक्वतेशी जोडला आणि प्रवेशाचे वय वाढवण्याची बाजू मांडली. त्यांच्या चाचणीवरून पुढे चेकोस्लोव्हाकियातील मानसशास्त्रज्ञ यिरासेक यांनी तीन कामांची छोटी चाचणी बेतली: माणसाचे चित्र काढणे, लिहिलेले छोटे वाक्य पाहून तसेच उतरवणे आणि ठिपक्यांचा गट पाहून काढणे. ती आजही काही देशांत वापरली जाते. तिची मर्यादा उघड आहे. ज्या मुलाच्या हाती कधी पेन्सिल आलेली नाही, त्याचे गुण अपक्वता दाखवतात की सरावाचा अभाव, हे त्या कागदावरून कळत नाही.

याच्या विरुद्ध टोकाला सोव्हिएत मानसशास्त्रज्ञ लेव विगोत्स्की (१८९६–१९३४) यांचा विचार आहे. मूल एकट्याने काय करते यापेक्षा थोड्या मदतीने काय करू शकते, ते पाहावे. शिकणेच विकासाला पुढे ओढते. मूल्यमापन करणाऱ्याने हे पक्के धरून ठेवावे. एक इशारा मिळताच काम जमवणारे मूल आणि तीनदा दाखवूनही गोंधळणारे मूल यांना ‘जमले नाही’ या एकाच रकान्यात टाकणे चूक आहे.

युनिसेफच्या २०१२ च्या मांडणीत सिद्धतेला तीन बाजू आहेत: सिद्ध मूल, सिद्ध शाळा आणि सिद्ध कुटुंब. कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठात तयार झालेली ‘अर्ली डेव्हलपमेंट इन्स्ट्रुमेंट’ ही प्रश्नावली शिक्षक भरतात. तिचे निष्कर्ष वस्ती किंवा प्रदेश यांच्या पातळीवर वाचायचे असतात. एका मुलाला प्रवेश द्यावा की नाही, हे ठरवण्यासाठी ती नाही.

जन्मनोंद नसलेल्या ठिकाणी उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान पकडता येतो का, ही खूणही अनेक देशांत वापरली गेली. साधारण सहा-सात वर्षांपर्यंत डोक्याच्या मानाने हात पुरेसा लांब होतो, एवढाच तिचा आधार. त्यातून भाषा, लक्ष किंवा समज यांविषयी काहीही कळत नाही. दुधाचे दात पडू लागणे ही खूणही तितकीच निरुपयोगी.

वय आणि वर्गातले सर्वांत लहान मूल

सक्तीच्या शिक्षणाचे वय देशागणिक वेगळे आहे. इंग्लंडमध्ये ते पाचव्या वाढदिवसानंतर सुरू होते आणि बहुतेक मुले त्याआधीच, चौथ्या वर्षी, शाळेत जातात. भारताच्या २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात पहिलीसाठी सहा वर्षे पूर्ण असावीत असे आहे. फिनलंडमध्ये मुले सात वर्षांची होतात त्या वर्षी पहिलीत जातात. एवढा फरक असूनही तिन्हीकडे मुले शिकतात, कारण त्या-त्या वयाला साजेसे काम त्या वर्गात ठेवलेले असते. अडचण येते ती सहा वर्षांच्या मुलासाठी आखलेला दिवस साडेचार वर्षांच्या मुलावर लादला की.

कुठलीही अंतिम तारीख ठरवली तरी एका वर्गात जवळपास बारा महिन्यांचे अंतर राहतेच. पाच वर्षांच्या मुलासाठी हा आयुष्याचा पाचवा हिस्सा असतो. कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया प्रांतात प्रवेशाची मर्यादा ३१ डिसेंबर आहे. तिथल्या २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, डिसेंबरात जन्मलेल्या मुलांना जानेवारीत जन्मलेल्या वर्गमित्रांपेक्षा एडीएचडीचे (लक्ष न टिकणे आणि अतिचंचलता यांच्या विकाराचे) निदान मिळण्याचे प्रमाण मुलग्यांत सुमारे ३० टक्के आणि मुलींत सुमारे ७० टक्के जास्त आढळले. लहान वयाचे स्वाभाविक वागणे आजार म्हणून वाचले जाते, ते असे. त्यामुळे मुलाची तुलना वर्गाच्या सरासरीशी न करता त्याच महिन्याच्या आसपास जन्मलेल्या मुलांशी करावी. मूल खूप लवकर जन्मलेले असेल आणि प्रसूतीची अपेक्षित तारीख प्रवेशाच्या मर्यादेपलीकडे पडत असेल, तर ही गोष्ट शाळेला आवर्जून सांगावी.

काय पाहावे

पहिली पाहणी दिनक्रमाची. मुलाला शू-शीची जाणीव वेळेत होते का, ते सांगू शकते का, कपडे खाली-वर करून हात धुऊन परत येते का? घालायचे कपडे, बूट, डबा आणि बाटली त्याला स्वतः उघडता-बंद करता येतात का? यातले बरेचसे काम सोप्या वस्तू दिल्याने सुटते: नाडीऐवजी इलॅस्टिक, लेसऐवजी वेल्क्रो, फिरकीऐवजी साधे झाकण. रात्री अंथरूण ओले होणे हा शाळा अडवण्याचा मुद्दा नाही. पाच वर्षांच्या वयात साधारण सातातले एक मूल अजून अंथरूण ओले करते. दिवसा वारंवार कपडे ओले होत असतील, तर मात्र बद्धकोष्ठता आणि मूत्रमार्गाचा संसर्ग आधी तपासून घ्यावा.

भाषेत पाहायचे ते असे: अनोळखी मोठ्या माणसाला मुलाचे बहुतेक बोलणे कळते का (हे चार वर्षांच्या सुमारास अपेक्षित आहे), काल काय झाले ते दोन-तीन वाक्यांत क्रमाने सांगता येते का, आणि समोर वस्तू न दाखवता, हाताने खूण न करता दिलेली दोन टप्प्यांची सूचना पाळता येते का. घरात मोठी माणसे नकळत डोळ्यांनी आणि बोटाने दाखवतात, त्यामुळे मुलाला शब्द कळतात असे वाटते. तीच सूचना पाठीमागून, नेहमीच्या आवाजात देऊन पाहावी. शाळेची भाषा घरापेक्षा वेगळी असेल, तर भाषेची समज घरच्या भाषेतच तपासावी. नव्या भाषेत पहिले काही महिने गप्प राहणारे मूल बहुतेक वेळा ऐकून शब्द साठवत असते.

लक्ष आणि स्वनियमन हा या विषयाचा गाभा आहे. तीन गोष्टी वेगळ्या करून पाहाव्या लागतात: ऐकलेले थोडा वेळ डोक्यात धरून ठेवणे, मनात आलेली पहिली हालचाल रोखणे आणि नियम बदलला की त्याप्रमाणे वळणे. त्यासाठी उलट सूचनांचा खेळ उत्तम. ‘डोक्याला हात लाव’ म्हटले की पायाला लावायचा आणि ‘पायाला’ म्हटले की डोक्याला. दोन-तीनदा सरावून मग दहा वेळा खेळावे. चुकणे स्वाभाविक आहे. चुकता-चुकता हात मागे घेऊन सुधारणारे मूल रोखणे शिकते आहे, असे समजावे. किती मिनिटे बसते, हे मात्र पडद्यासमोर मोजू नये. तिथे लक्ष बाहेरून ओढून धरलेले असते. मोठ्यांनी निवडलेल्या, फारशा आवडत्या नसलेल्या कामात मूल दहा-पंधरा मिनिटे टिकले तर ते पुरेसे.

हाताच्या तयारीचा अंदाज आकृत्या पाहून काढण्यावरून येतो. साधारण तिसऱ्या वर्षी वर्तुळ, चौथ्या वर्षी अधिकचे चिन्ह, साडेचारच्या आसपास चौकोन, पाच ते साडेपाचला त्रिकोण आणि सहा-सातला पतंगाच्या आकाराचा चौकोन जमतो. त्रिकोण न जमणाऱ्या मुलाकडून तिरक्या रेषा आणि गाठी असलेली अक्षरे ओळीत काढून घेणे म्हणजे चुकीची वळणे घट्ट करणे. अशा मुलाला शाळेपासून दूर ठेवण्याचे कारण नाही. लेखन मागे ठेवून माती मळणे, कात्री, मणी ओवणे आणि उभ्या फळ्यावर मोठ्या रेघा यांना वेळ द्यावा.

अंकज्ञान हलके समजू नये. सहा दीर्घकालीन अभ्यासांच्या २००७ मधील एकत्रित विश्लेषणात शाळाप्रवेशाच्या वेळच्या गणिती जाणिवेचा पुढच्या यशाशी सर्वांत मजबूत संबंध दिसला, त्याखालोखाल वाचनपूर्व कौशल्ये आणि मग लक्ष. पण जाणीव म्हणजे पाठांतर नव्हे. वीस बटणे समोर ठेवून ‘मला पाच दे’ म्हणावे. मूठभर उचलून देणाऱ्या मुलाला अंकांची माळ येते, संख्या येत नाही. वाचनाच्या बाबतीत यमक ओळखणे आणि शब्दाच्या सुरुवातीचा आवाज वेगळा काढणे, हे अक्षरे ओळखण्याइतकेच उपयोगी.

ताटातूट सोसण्याची कसोटी रडण्यावर लावू नये. निरोप घेताना रडून दहा-वीस मिनिटांत खेळात रमणारे मूल ठीक असते. तासन्‌तास न बोलणारे, न खाणारे आणि शू दाबून धरणारे शांत मूल जास्त काळजीचे.

पाहणीत काय चुकते

सर्वांत मोठी चूक एकाच दिवसाच्या मुलाखतीवर निर्णय टाकण्याची. अनोळखी खोलीत, अनोळखी माणसासमोर, भुकेच्या किंवा झोपेच्या वेळी चार-पाच वर्षांचे मूल काय करू शकते त्याचा तो नमुना नसतो. दोन-तीन आठवडे, घरी आणि घराबाहेर निदान एका गटात, वेगवेगळ्या वेळी पाहावे. बालवाडीच्या शिक्षिकेला ‘कसा आहे?’ असे न विचारता ‘खेळणे हिसकावले गेले तर काय करतो?’, ‘काम बदलायला सांगितले की किती वेळ लागतो?’ असे विचारावे. मुलाखतीसाठी रंग, आकार आणि नावे घोकून घेतली की पाहणीच निकामी होते: मूल उत्तरे देते आणि खरी अडचण झाकली जाते.

दुसरी चूक कान-डोळे न तपासण्याची. सर्दीनंतर कानाच्या पडद्यामागे द्रव साचून राहिला की ऐकू येणे कधी कमी, कधी ठीक असे होते आणि मूल हट्टी किंवा लक्ष न देणारे वाटते. एका डोळ्याने कमी दिसणारे मूल तक्रार करत नाही, कारण त्याला दुसरे काही ठाऊकच नसते; अशा ‘आळशी’ डोळ्याचे उपचार साधारण सात वर्षांच्या आत सर्वांत चांगले लागू पडतात. झोपेचाही हिशेब मांडावा. तीन ते पाच वर्षांच्या मुलाला दुपारची धरून दिवसाला १० ते १३ तास झोप लागते. ती मिळत नसेल, तर अपक्वतेचा निष्कर्ष काढण्यापूर्वी महिनाभर झोप नीट करून पाहावी.

थांबवावे की पाठवावे

एक वर्ष उशिरा आलेली मुले सुरुवातीला पुढे दिसतात. बऱ्याच अभ्यासांत हा अभ्यासातला फायदा पहिल्या काही इयत्तांत ओसरतो. दुसरीकडे, डेन्मार्कमधील अभ्यासात उशिरा सुरुवात करणाऱ्या मुलांत अवधान आणि अतिचंचलतेच्या अडचणी पुढे अकरा वर्षांच्या वयातही कमी आढळल्या. हे वाचताना तिथे शाळेआधीचे वर्ष चांगल्या, खेळावर आधारलेल्या बालवर्गात जाते, हे विसरू नये. थांबण्याचा गुण त्या वर्षात काय घडते यावर ठरतो. घरी नुसते राहून वय वाढेल, एवढ्या आशेवर घेतलेले वर्ष सहसा वाया जाते.

मूल प्रवेशमर्यादेच्या अगदी जवळ जन्मलेले आहे, एकूणच सर्व बाजूंनी थोडे लहान वाटते, नुकतेच मोठे आजारपण किंवा घरातली उलथापालथ सोसून आले आहे आणि चांगला बालवर्ग हाताशी आहे, तेव्हा थांबणे शहाणपणाचे. एकाच बाबतीत ठळक अडचण असेल, उदाहरणार्थ बोलणे खूप मागे आहे, नजरेला नजर देत नाही, आलेले कौशल्य हरवले आहे, तेव्हा नुसते थांबणे घातक ठरू शकते. तिथे बालरोगतज्ज्ञ आणि वाचा-भाषा किंवा विकासतज्ज्ञाकडे तपासणी लगेच हवी. मदत अनेकदा शाळेतच सुरू होते. बुद्धीने पुढे असलेल्या मुलाला वयाआधी घालताना त्याचे वाचन न पाहता स्वनियमन आणि दमसास पाहावा.

शाळेला विचारायचे प्रश्न तितकेच महत्त्वाचे. एका शिक्षिकेमागे किती मुले, सलग किती वेळ बसवतात, शौचालयात कोण सोबत असते, लेखन कोणत्या महिन्यात सुरू होते, घरची भाषा वर्गात चालते का. ‘आमच्याकडे मुले लगेच शिस्तीत येतात’ हे यातल्या कुठल्याच प्रश्नाचे उत्तर नव्हे. तेच मूल एका वर्गासाठी तयार आणि दुसऱ्यासाठी तयार नसलेले असू शकते.

सुरुवातीचे आठवडे

प्रवेशानंतर पहिले सहा ते आठ आठवडे पाहणी चालू ठेवावी. घरी आल्यावर चिडचिड, थकवा, अंगठा चोखणे, लहान बाळासारखे बोलणे, अधूनमधून कपडे ओले होणे हे या काळात नेहमीचे आहे आणि आठवड्यागणिक कमी व्हायला हवे. ते वाढत असेल, सकाळी पोटदुखी फक्त शाळेच्या दिवशीच होत असेल, झोप मोडत असेल किंवा दोन महिन्यांनंतरही मूल वर्गात कोणाशीच बोलत नसेल, तर शिक्षिकेसोबत बसून दिवसाचा नेमका कोणता भाग जड जातो ते शोधावे. तो भाग बऱ्याचदा मधली सुट्टी, शौचालय किंवा दिवसाचा शेवटचा तास असतो. काही आठवडे वेळ कमी करणे, ठरलेला जोडीदार देणे, शौचालयाची वेळ बांधून देणे असे उपाय आधी करून पाहावेत. शाळेतून काढून घेण्याचा विचार ते करून झाल्यावर.