पॉलिझीनस

पॉलिझीनस : केसाळ वाण्यांची (सहस्रपादांची) एक प्रजाती. गण पॉलिझीनिडा, कुल पॉलिझीनिडी. पावसाळ्यात अंगणात दिसणारा, हात लागताच पैशासारखी गुंडाळी करणारा वाणी डोळ्यांपुढे ठेवला, तर हा प्राणी त्याचा नातलग वाटणार नाही. लांबी जेमतेम २ ते ३ मिमी. इतर वाण्यांचे कवच कॅल्शियमच्या क्षारांनी टणक झालेले असते. याचे अंग मऊच राहते. उग्र वासाचा द्रव सोडणाऱ्या ग्रंथीही याला नसतात. पूर्ण वाढ झाल्यावर पायांच्या १३ जोड्या असतात. अंड्यातून बाहेर पडताना मात्र ३ जोड्याच असतात, बाकीच्या कात टाकता टाकता येतात.

खरी ओळख केसांची. प्रत्येक खंडावर दातेरी, ताठ केसांच्या ओळी व झुबके असतात आणि मागच्या टोकाला बारीक केसांचा शेपटीसारखा गुच्छ असतो. लिनीअस यांनी १७५८ मध्ये या प्राण्याला गोमेच्या प्रजातीत घालून ‘स्कोलोपेंड्रा लागुरा’ म्हटले होते. आज ही जाती ‘पॉलिझीनस लागुरस’ म्हणून ओळखली जाते. लागुरस म्हणजे सशाचे शेपूट. नाव अगदी चपखल आहे, पण हे शेपूट शोभेचे नाही.

अमेरिकेतील ‘पॉलिझीनस फॅसिक्युलेटस’ या जातीवरील प्रयोगांचे निष्कर्ष १९९६ मध्ये प्रसिद्ध झाले, तेव्हा त्याचे काम नेमके कळले. मुंगी अंगावर आली, की हा प्राणी मागचे टोक तिच्याकडे वळवतो, गुच्छ फुलवतो आणि तिच्या अंगावर पुसतो. केस सहज सुटून येतात. त्यांच्या टोकाचे आकडे मुंगीच्या लवेत अडकतात. मुंगी अंग साफ करू लागते. पण केसांच्या दांडीवरही काटे असल्याने ते एकमेकांत गुंततात आणि ती जितकी झटते तितकी जखडत जाते. कधी कधी त्यातच मरते. विष नाही, दंश नाही. नुसत्या केसांवर एवढ्या मऊ जिवाचे भागते, हे विलक्षण आहे.

मादी आपली अंडीही याच केसांच्या आवरणात ठेवते. नर-मादीचा समागम होत नाही. नर धागे विणून त्यांवर शुक्राचे थेंब ठेवतो व मादी ते नंतर उचलून घेते. फिनलंडसारख्या उत्तरेकडील प्रदेशांत तर ‘लागुरस’च्या माद्या नरांवाचूनच प्रजा वाढवतात.

झाडांच्या सालीखाली, दगडी भिंतींच्या फटींत, दगडफुलाच्या आडोशाला हे प्राणी राहतात; शैवाल व दगडफूल खातात. वाण्यांना सहसा ओल लागते, पण पॉलिझीनस कोरड्या सालीवरही तग धरतो.