सोनेरी मासा आणि आपली पोरं

दहावीची परीक्षा जवळ आली की खानापूर-निपाणीकडच्या पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज हमखास फिरतो: मोबाईलमुळे मुलांचं लक्ष आता आठच सेकंद टिकतं, सोनेरी माशाचं नऊ!

हा आकडा गाजला तो मायक्रोसॉफ्टच्या कॅनडा शाखेने २०१५ साली जाहिरातदारांसाठी काढलेल्या अहवालामुळे. त्यांनीही तो दुसऱ्या एका वेबसाइटवरून उचललेला. मूळ संशोधन शोधायला गेलेल्यांच्या हाती काहीच लागलं नाही. (माशाला घड्याळ लावून बसलं होतं कोण?) अन् रीलवर रील सरकवणारं तेच पोर क्रिकेटची मॅच तीन तास जागचं न हलता बघतं, ते कसं?

मोबाईल अगदीच निर्दोष आहे, असं नव्हे. २०१९ मध्ये ऑर्बेन आणि प्रिबिल्स्की या संशोधकांनी साडेतीन लाखांहून अधिक किशोरवयीनांची माहिती तपासली. स्क्रीनचा मनःस्वास्थ्याशी संबंध दिसला, पण अगदी क्षीण: मुलामुलांच्या मनःस्वास्थ्यात जो फरक दिसतो, त्यापैकी फार तर ०.४ टक्के. झोपेचं मात्र तसं नाही. या वयात आठ ते दहा तास झोप लागते. शहापुरातलं पोर रात्री एकपर्यंत फोन बघून सकाळी सहाला ट्यूशनला गेलं, तर तिथं पेंगणारच. आधी रात्रीचा फोन उशापासून हलवा; चार्जिंगला स्वयंपाकघरात लावला तरी चालतो.