साडेत्रेसष्ट अंशांचं आकाश

१८९६ साली मुंबईत प्लेग आला आणि कोंदट चाळींकडे सरकारचं लक्ष गेलं. दोन वर्षांनी सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट निघाला. पुढे ट्रस्टचे अध्यक्ष जे. पी. ऑर यांनी साडेत्रेसष्ट अंशांचा नियम लावून धरला. तळमजल्याच्या भिंतीच्या पायथ्यापासून ६३.५ अंशांत वर रेघ ओढली, तर समोरची इमारत तिच्या आड येता कामा नये. आकडा चमत्कारिक, पण हिशेब सोपा: समोरच्या इमारतीच्या उंचीच्या निम्मं अंतर मध्ये हवं.

आता गोवंडी-मानखुर्दच्या पुनर्वसन वसाहती घ्या. नियमांतल्या सवलतींमुळे काही ठिकाणी दोन इमारतींत जेमतेम ३ मीटर जागा आहे. ऑर यांच्या हिशेबाने तिथे ६ मीटर उंची, म्हणजे दोन मजले शोभले असते. उभे आहेत सात-आठ. २३ मीटर उंची धरली तर कोन ८२ अंशांच्या पुढे जातो. ऊन येतं ते सूर्य पार डोक्यावर असताना, आणि तेव्हाही ते भिंतीवरून घसरत खाली जातं, खोलीत शिरत नाही.

क्षयरोगाला हे फार सोयीचं. रुग्ण खोकला की जंतू असलेले सूक्ष्म कण कोंडलेल्या हवेत तासन् तास तरंगतात. वारा त्यांना पांगवतो, थेट ऊन जंतू मारतं. इथे दोन्ही नाही. 'डॉक्टर्स फॉर यू' ही संस्था आणि आयआयटी मुंबई यांच्या तज्ज्ञांनी लल्लूभाई कंपाउंड, नटवर पारेख कंपाउंड आणि पीएमजी कॉलनी या वसाहती ताडून पाहिल्या. २०१८ मध्ये निष्कर्ष आले: पहिल्या दोन दाटीच्या वसाहतींत क्षय बराच जास्त, त्यातही खालच्या मजल्यांवर. पीएमजीत इमारती एकमेकींपासून लांब आहेत.

खरी मेख मात्र घरगल्लीत, म्हणजे दोन इमारतींमधल्या अरुंद बोळात आहे. वरून कचरा पडतो, पाइप गळतात, उंदीर-डास होतात. मग खालचे लोक खिडकी बंदच ठेवतात, आणि नकाशावरची वायुवीजनाची सोय कागदावरच राहते. मधल्या पॅसेजच्या दोन्ही अंगांना घरं असतील तर प्रत्येकाला बाहेरची एकच बाजू मिळते. समोरून दार उघडल्याशिवाय आरपार वारा नाही, आणि आडोशासाठी दार लावलेलं.

घरात हवा फिरते का, हे उदबत्तीने कळतं. पंखा बंद करून ती खिडकीपासून हातभर आत धरा. धूर एका दिशेला ओढला गेला तर वारा आहे. सरळ वर जाऊन छताखाली रेंगाळला तर नाही. छताचा पंखा तीच हवा घुसळतो, नवी आणत नाही. एक्झॉस्ट खिडकीत बसवा आणि समोरचं दार जाळीचं करा. दार घट्ट बंद असेल तर पाती फिरतात, हवा मात्र फारशी हलत नाही. एक्झॉस्टचं तोंड पॅसेजकडे कधीच नको, घरातली हवा शेजाऱ्याच्या दारात जाते. रुग्णाची खाट खिडकीपाशी, म्हणजे हवा बाहेर जाते त्या बाजूला ठेवा. इतरांची निजायची जागा दाराकडे.