त्रिरश्मी डोंगरावरचे देणगीपत्र : एका गैरसमजाचा खुलासा

वेगवेगळ्या धर्मांच्या लोकांनी परस्परांना साहाय्य करणे ही आधुनिक काळातली कल्पना आहे आणि पूर्वी जो तो आपल्याच धर्मासाठी दान करी, असे आजही ठामपणे सांगितले जाते. नाशिककरांना तरी हे पटू नये, कारण याचे उत्तर मुंबई-आग्रा महामार्गालगतच्या त्रिरश्मी डोंगरावरील पांडवलेण्यांत, दहाव्या लेण्याच्या ओसरीत ब्राह्मी लिपीत कोरलेले आहे.

हे लेणे क्षत्रप (शक राज्यकर्ता) नहपानाचा जावई उषवदात याने सुमारे १९०० वर्षांपूर्वी बौद्ध भिक्षूंसाठी खोदवले. त्याच भिंतीवर, ब्राह्मणांना व देवांना आपण सोळा गावे दिल्याचेही तो अभिमानाने नोंदवतो. एका दानाने दुसऱ्याला बाध येतो असे त्याला वाटले नाही.

व्यवस्थाही चोख होती. नाशिकजवळच्या गोवर्धन येथील विणकरांच्या एका श्रेणीकडे (व्यावसायिक संघाकडे) २००० कार्षापणे (तेव्हाची नाणी) दरमहा शेकडा एक दराने ठेवली. वर्षाचे व्याज २४० होते, आणि वर्षावासातल्या (पावसाळ्यातल्या मुक्कामातल्या) वीस भिक्षूंना चीवरासाठी (वस्त्रासाठी) प्रत्येकी १२ कार्षापणे द्यायची होती. हिशेब तंतोतंत जुळतो. मूळ रक्कम परत मागायची नाही, असेही लेखात स्पष्ट आहे.

हे एकट्या उषवदाताचे औदार्य नव्हते. सातवाहन राजमाता गौतमी बलश्रीने आपल्या पुत्राला, गौतमीपुत्र सातकर्णीला, ‘एकब्राह्मण’ (अद्वितीय ब्राह्मण) म्हणून गौरवणाऱ्या लेखातच भदायनीय या बौद्ध पंथाच्या भिक्षूंना लेणे दिले, सतरावे लेणे इंद्राग्निदत्त नावाच्या यवनाने (ग्रीकाने) खोदवले, तर अकराव्यात जैन मूर्ती आहेत.