अमेरिकेतल्या नर्सिंग होमची सरकारी तपासणी: अहवाल कसा वाचायचा, तक्रार कोण करू शकतं, कागद कोणते लागतात

१९६५ च्या स्थलांतर कायद्यानंतर अमेरिकेत आलेल्या मराठी पिढीतले बरेच जण आता ऐंशीच्या आसपास आहेत. मुलांनी ग्रीन कार्डवर बोलावून घेतलेले आईवडीलही त्याच वयाचे. पक्षाघात होतो, खुब्याचं हाड मोडतं आणि हॉस्पिटलमधून घरी सोडण्याऐवजी नर्सिंग होमची, म्हणजे चोवीस तास नर्सिंगची सोय असलेल्या निवासी जागांची, यादी हातात पडते. निवड करायला मिळतो जेमतेम एखादा दिवस. तेवढ्यात घरचे लोक फोटो बघतात, ओळखीपाळखीत फोन करतात, घरापासूनचं अंतर मोजतात. तपासणीचा अहवाल मात्र फार थोडे उघडतात. तो फुकट मिळतो, आणि कोणत्या रुग्णाच्या बाबतीत कुठे हयगय झाली हे त्यात नाव वगळून सविस्तर लिहिलेलं असतं. म्हणून ही माहिती.

तपासणी कोण करतं, कधी करतं

१९८७ साली अमेरिकी काँग्रेसने नर्सिंग होम सुधारणेचा कायदा केला. मेडिकेअर (मुख्यतः ज्येष्ठांसाठीचा सरकारी आरोग्य विमा) किंवा मेडिकेडचे (कमी उत्पन्न असलेल्यांसाठीचा) पैसे घेणाऱ्या प्रत्येक नर्सिंग होमला केंद्राचे नियम पाळावे लागतात. ते पाळले जातात की नाही हे सीएमएस ही केंद्रीय संस्था राज्यांकरवी तपासून घेते. न्यू जर्सी, इलिनॉय आणि कॅलिफोर्नियात हे काम राज्याचा सार्वजनिक आरोग्य विभाग करतो, टेक्सासमध्ये हेल्थ अँड ह्यूमन सर्व्हिसेस कमिशन.

आधीच्या तपासणीपासून १५ महिन्यांच्या आत पुढची व्हायला हवी, आणि राज्यातली सरासरी १२ महिन्यांपेक्षा जास्त नसावी असा नियम आहे. पथक न सांगता येतं. तारीख आधी फोडणाऱ्याला दंड आहे. काही तपासण्या मुद्दाम शनिवार-रविवारी, पहाटे किंवा संध्याकाळी सुरू करतात, कारण मनुष्यबळ तेव्हाच रोडावतं. पथकात नोंदणीकृत नर्स असतेच. तपासनीस स्वयंपाकघर बघतात, औषधं देताना शेजारी उभे राहतात, नोंदी चाळतात आणि तिथे राहणाऱ्यांशी व नातेवाइकांशी बोलतात. तुम्ही भेटायला गेलेले असताना पथक आलेलं दिसलं, तर बाजूला बोलायची वेळ जरूर मागा. इंग्रजी न येणाऱ्या आजीबाईंच्या वतीने त्या दिवशी दुसरं कोण बोलणार?

एक गोष्ट आधीच स्पष्ट असलेली बरी. असिस्टेड लिव्हिंग, म्हणजे थोड्या मदतीने राहण्याची घरं, या केंद्रीय तपासणीत येत नाहीत. त्यांचे नियम प्रत्येक राज्याचे वेगळे. भारतीय जेवण देणाऱ्या एखाद्या जागेबद्दल विचारत असाल, तर तिचा परवाना कोणता आहे हे पहिल्यांदा विचारा.

तारे बघा, पण तिथे थांबू नका

मेडिकेअरच्या संकेतस्थळावर ‘केअर कम्पेअर’ नावाचा भाग आहे. गावाचं नाव किंवा झिप कोड टाकला की जवळची नर्सिंग होम दिसतात. प्रत्येकाला १ ते ५ तारे असतात. ही पद्धत २००८ च्या डिसेंबरात सुरू झाली. तारे तीन गोष्टींवरून ठरतात: आरोग्य तपासणी, कर्मचारीसंख्या आणि काळजीच्या दर्जाचे निर्देशांक.

या तिघांचं वजन माझ्या मते सारखं नाही. निर्देशांकांतला मोठा भाग नर्सिंग होमने स्वतः भरलेल्या माहितीवर उभा असतो. कर्मचाऱ्यांचे आकडे पगारपत्रकातून येतात, म्हणून ते अधिक भरवशाचे. त्यात शनिवार-रविवारचं मनुष्यबळ आणि वर्षभरात किती कर्मचारी सोडून गेले हे वेगळं दिसतं. सोडून जाणाऱ्यांचा आकडा जरूर बघा. रोज नवी माणसं येत असतील, तर बाबांना उजव्या कानाने ऐकू येत नाही हे त्यांतल्या कुणालाच ठाऊक नसतं.

तपासणीचे तारे राज्याच्या आत तुलना करून दिले जातात: वरच्या १० टक्क्यांना ५, खालच्या २० टक्क्यांना १. म्हणजे ओहायोतले ४ तारे आणि न्यू जर्सीतले ४ तारे शेजारी ठेवून काही निष्कर्ष काढता येत नाही. नावापुढे लाल वर्तुळात हाताचा पंजा दिसला, तर तिथे छळाबाबत ठपका ठेवला गेला आहे असं समजा. हे चिन्ह २०१९ च्या ऑक्टोबरपासून दाखवतात.

मूळ अहवाल: फॉर्म २५६७

खरी माहिती या फॉर्ममध्ये असते. डावीकडे तपासनिसांना आढळलेल्या त्रुटी, उजवीकडे नर्सिंग होमने दिलेला सुधारणेचा आराखडा. ताजा अहवाल इमारतीत सहज हाताला लागेल अशा ठिकाणी ठेवणं आणि मागच्या तीन वर्षांचे मागितल्यावर दाखवणं नर्सिंग होमला बंधनकारक आहे. बघायला गेलात की स्वागतकक्षात तो मागा. ‘मॅनेजर आल्यावर देऊ’ असं उत्तर आलं, तर तेही तुमच्या टिपणात लिहून ठेवा.

प्रत्येक त्रुटीला एफ अक्षराने सुरू होणारा क्रमांक असतो. एफ-६०० म्हणजे छळ किंवा दुर्लक्ष, एफ-६८६ शय्याव्रण (एकाच जागी पडून राहिल्याने होणाऱ्या जखमा), एफ-६८९ पडणं आणि अपघात टाळण्यातली कसूर, एफ-६९२ खाणं-पाणी, एफ-७२५ अपुरे नर्सिंग कर्मचारी, एफ-८८० संसर्ग नियंत्रण.

क्रमांकाइतकंच महत्त्वाचं त्याच्यासोबतचं ए ते एल यांपैकी एक अक्षर. गंभीरतेच्या चार पायऱ्या आणि व्याप्तीच्या तीन, अशी ही बारा अक्षरं होतात. ए, बी, सी किरकोळ. डी, ई, एफ म्हणजे इजा झाली नाही, पण होऊ शकली असती. जी, एच, आय म्हणजे प्रत्यक्ष इजा झाली. जे, के, एल म्हणजे जिवाला तातडीचा धोका. प्रत्येक त्रिकुटातलं पहिलं अक्षर एखाद-दुसऱ्या रुग्णापुरतं, दुसरं वारंवार घडणाऱ्या प्रकाराचं, तिसरं सर्वत्र पसरलेल्या दोषाचं. त्रुटी जवळपास प्रत्येक ठिकाणी निघतात आणि बहुसंख्य डी-ई वर्गातल्या असतात. तेवढ्यावरून जागा नाकारू नका. पण जी किंवा त्यापुढचं अक्षर असेल, तर तो परिच्छेद पूर्ण वाचाच. आणि एकच एफ क्रमांक सलग दोन-तीन अहवालांत दिसला, तर उजवीकडचा आराखडा कागदावरच राहिला, असं मी धरते.

तक्रार कोण करू शकतं

कुणीही. तिथे राहणारी व्यक्ती, मुलगा, सून, शेजारी, तिथलाच कर्मचारी, पुण्यात बसलेली मुलगीसुद्धा. तक्रारदार नागरिक असला पाहिजे किंवा त्याच्याकडे विशिष्ट व्हिसा असला पाहिजे, अशी अट नाही. शुल्क नाही, वकील लागत नाही, नाव न देताही तक्रार करता येते. मात्र नाव दिलं तर चौकशी करणारे तुम्हाला तपशील विचारू शकतात आणि निष्कर्ष कळवू शकतात. म्हणून शक्य असेल तर नाव द्यावं.

मार्ग तीन आहेत. पहिला नर्सिंग होमच्या आतला: प्रत्येक ठिकाणी तक्रार निवारण अधिकारी नेमलेला असावा लागतो, आणि त्याच्याकडून लेखी निर्णय मागण्याचा हक्क आहे. जेवण, कपडे, घंटा वाजवून कुणी न येणं अशा गोष्टी इथे सुटू शकतात. दुसरा मार्ग लाँग-टर्म केअर ओम्बड्समन, म्हणजे नर्सिंग होममधल्या लोकांच्या तक्रारी ऐकणारा लोकपाल. हा प्रत्येक राज्यात असतो, फुकट असतो आणि रुग्णाच्या बाजूने बोलतो. रुग्णाच्या संमतीशिवाय तो बोललेलं बाहेर सांगत नाही. त्याला दंड करता येत नाही, पण मध्यस्थी करता येते. आपल्या भागातला ओम्बड्समन सापडत नसेल, तर एल्डरकेअर लोकेटर या ज्येष्ठांसाठीच्या माहिती सेवेच्या १-८००-६७७-१११६ या क्रमांकावर विचारावं.

तिसरा मार्ग राज्याच्या तपासणी विभागाचा. शय्याव्रण, वारंवार पडणं, चुकीची औषधं, मारहाण, पैशांची चोरी या गोष्टी थेट इथे न्याव्यात. तक्रार ऑनलाइन, फोनवर किंवा पत्राने देता येते. गंभीरता पाहून विभाग चौकशीचा क्रम लावतो आणि पथक पुन्हा न सांगता येतं. छळाचा आरोप पुढे आला, तर नर्सिंग होमने स्वतः दोन तासांत राज्याला कळवायचं असतं. जिवाला धोका असेल, तर या सगळ्याच्या आधी ९११ या आपत्कालीन क्रमांकावर फोन.

तक्रारीसोबत काय जोडावं

सक्तीची कागदपत्रं नाहीत, पण तक्रारीचं वजन तपशिलावर ठरतं. नर्सिंग होमचं पूर्ण नाव आणि पत्ता, रुग्णाचं नाव आणि खोली क्रमांक, घटनेची तारीख आणि वेळ, त्या पाळीतल्या कर्मचाऱ्यांची नावं, जखमेचे तारखेसह फोटो, औषधांची यादी, हॉस्पिटलचे कागद, आणि आधी कुणाला काय सांगितलं त्याच्या ईमेल. ‘आईकडे लक्ष देत नाहीत’ एवढ्याने तपासनिसाच्या हाती काही लागत नाही. ‘मंगळवारी दुपारी दोनला आले तेव्हा सकाळचं डायपर तसंच होतं, घंटा वाजवल्यावर पाऊण तासाने माणूस आला’ हे तपासता येतं. दर पाळीला हजर असलेल्या नर्सिंग कर्मचाऱ्यांची संख्या दर्शनी भागात लावलेली असते. तिचाही फोटो काढा.

रुग्णाच्या वैद्यकीय नोंदी हव्या असतील, तर तुम्ही त्यांचे अधिकृत प्रतिनिधी असायला हवं. हेल्थ केअर प्रॉक्सी (वैद्यकीय निर्णयांसाठी प्रतिनिधी नेमणारा कागद) किंवा मुखत्यारपत्र आईवडिलांचं डोकं शाबूत असतानाच करून घ्या. हा विषय आपल्या घरात काढायला जड जातं, तरी काढा.

दाखल करताना

प्रवेशाच्या वेळी पुढे येणाऱ्या कागदांच्या गठ्ठ्यात दोन ठिकाणी सांभाळा. बिलाची वैयक्तिक हमी मुलामुलींकडून मागणं केंद्राच्या नियमात बसत नाही, तेव्हा हमीदार म्हणून सही करू नका. वाद कोर्टाऐवजी लवादाकडे नेण्याचा करारही प्रवेशाची अट म्हणून लादता येत नाही. घाईत सही झाली असेल, तर ३० दिवसांत मागे घेता येते.

दाखल झाल्यापासून ४८ तासांत काळजीचा प्राथमिक आराखडा तयार व्हायला हवा. त्यात भाषा आणि आहार लिहून घ्या. माहिती रुग्णाला समजेल अशा भाषेत देणं नर्सिंग होमचं कर्तव्य आहे, त्यासाठी दुभाषा मागता येतो. स्मृतिभ्रंशात अनेकांचं इंग्रजी आधी गळतं आणि मराठी उरते. ‘रुग्ण सहकार्य करत नाही’ अशी नोंद झालेली बाई कधी कधी फक्त ‘पाणी’ मागत असते. रोज लागणाऱ्या वीसेक शब्दांचा, रोमन लिपीत उच्चार लिहिलेला तक्ता पलंगाशी लावा. शाकाहार म्हणजे मासे आणि अंडीही नाहीत, हेही आराखड्यात यायला हवं. ते लेखी असलं की न पाळणं ही तपासणीत नोंदवता येईल अशी त्रुटी ठरते.

तक्रार केली म्हणून आईला बाहेर काढतील, ही भीती मी अनेक घरांत ऐकली आहे. तक्रारीचा सूड घेणं बेकायदा आहे. बाहेर काढायची कारणं नियमात ठरलेली आहेत. साधारणपणे ३० दिवस आधी लेखी नोटीस द्यावी लागते, तिची प्रत ओम्बड्समनला जाते आणि तिच्यावर अपील कुठे करायचं हे नोटिशीतच लिहिलेलं असावं लागतं. अशी नोटीस आली, तर ओम्बड्समनला त्याच दिवशी फोन करा. अपिलाची मुदत नोटिशीपासून मोजतात.